जुनी परीकथा, उद्याची डोंगरी

सिंड्रेला पळते तेव्हा जिन्यावर तिचा बूट राहतो. मॅरिसा मेयर या अमेरिकन लेखिकेच्या ‘सिंडर’ (२०१२) या कादंबरीत जिन्यावर पाय राहतो. यातली सिंडर भविष्यातल्या बीजिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करून पोट भरते आणि तिच्या शरीराचा बराचसा भाग यंत्राचा आहे. तिच्या राज्यात अशा माणसांना पूर्ण माणूस मानत नाहीत. साथीच्या रोगावरच्या औषधाची चाचणी करायची झाली की त्यांनाच उचलून नेतात. म्हणून ती आपला यांत्रिक हात नि पाय सतत झाकून ठेवते. राजवाड्यातून पळताना तो यांत्रिक पाय निखळतो आणि इतके दिवस जे लपवलं ते राजपुत्राच्या डोळ्यांसमोर येतं.

भाईंदरजवळच्या बेटावरील डोंगरी, उत्तन, चौक, पाली, गोराई या पट्ट्यातल्या ज्या मुलामुलींना परीकथा विज्ञानकथेच्या रूपात लिहून पाहायची आहे, आणि जे शिक्षक त्यांच्याकडून लिहून घेऊ पाहतात, त्यांनी या एका प्रसंगावर थोडा वेळ थांबावं. मेयरने बुटाच्या जागी नुसती चकचकीत वस्तू आणून ठेवलेली नाही. मूळ गोष्टीत बूट दोन कामं करतो: ती कोण हे त्याच्यामुळे कळतं, आणि राखेत बसणारी मुलगी राजवाड्यात आली होती हेही त्याच्यामुळे कळतं. ओळख आणि लाज, दोन्ही. यांत्रिक पाय ही दोन्ही कामं करतो, शिवाय त्या राज्याचा अन्यायही दाखवतो. याच मालिकेतल्या पुढच्या पुस्तकांत लाल टोपीवालीचा लांडगा म्हणजे जनुकं बदलून घडवलेला सैनिक आहे (‘स्कार्लेट’, २०१३) आणि लांब केसांच्या रपुंझेलचा बुरूज म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह (‘क्रेस’, २०१४). बुरुजाचं काम एकटं पाडणं. उपग्रहाहून एकटी जागा कुठली?

माझं सांगणं एवढंच आहे. परीकथेतली जादू काढून तिच्या जागी यंत्र ठेवू नका, नियम ठेवा. जादू काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे आधी ठरवा. यंत्र त्या नियमाला साजेसं नंतर सापडतं. सुरुवात यंत्रापासून केली की हिमगौरीचा आरसा मोबाइल होतो, परीची कांडी रिमोट होते, आणि चौथ्या पानावर पंधरा वर्षांचा वाचक उठून जातो. या वयाच्या वाचकाला गॅजेटचं अप्रूप नाही, ती त्याच्या हातातच आहेत. त्याला हे हवं असतं, की हे माझ्या बाबतीत घडलं तर मी काय करीन?

आता गोष्ट कुठली घ्यायची? सिंड्रेला, हिमगौरी घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या अंगणाजवळच्या गोष्टी पडून आहेत आणि त्या या कामाला जास्त चांगल्या आहेत. मेरी फ्रिअर ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्रात फिरताना तिने आपली आया ॲना लिबरेटा डिसूझा हिच्याकडून गोष्टी ऐकल्या, लिहून घेतल्या आणि १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाने पुस्तक काढलं. ॲना ख्रिस्ती होती. या गोष्टी तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या. पुस्तकात तिची स्वतःची हकीकतही आहे. गोष्टी सांगणाऱ्या बाईला पुस्तकात स्वतःची जागा मिळाली ही त्या काळात साधी बाब नव्हती. आपणही ती रीत पाळू, त्याबद्दल पुढे बोलतो.

दुसरं घबाड आणखी जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. एफ. डिपेन्हा यांनी साष्टीतल्या लोककथा जमवून ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात ‘फोकलोअर इन साल्सेट’ या लेखमालेत छापल्या. त्यांतली एक ‘बापखादी’, सिंड्रेलाच्या कुळातली. भिक्षा मागणाऱ्या गोसाव्याच्या अंगावर कढत पेजेचा थेंब पडतो, फोड येतो आणि त्या फोडातून मुलगी बाहेर येते.

हे वाचून एखाद्याला वाटेल, किती अचाट! पण २००६ साली जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या साध्या पेशी मागे वळवून कुठल्याही अवयवाची होऊ शकणारी पेशी तयार केली. त्यासाठी २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. २०२३ साली कात्सुहिको हायाशी यांच्या गटाने नर उंदराच्या पेशींपासून बीजांडं तयार करून त्यांच्यापासून पिल्लं जन्माला घातली. बापाच्या कातडीतून लेक, हे आज उंदरांच्या बाबतीत प्रयोगशाळेत झालेलं आहे. साष्टीतल्या कोणा म्हातारीने पेजेच्या थेंबातून जे सांगितलं, तिथे विज्ञान आता येऊन पोचतंय. आणि त्या मुलीचं नाव पाहा. नावातच आरोप आहे. भविष्यातल्या कुणा मुलीचा जन्म आईच्या पोटी न होता बापाच्या त्वचेतून झाला, तर गाव तिला काय म्हणेल? तिच्या आधार कार्डावर आईच्या रकान्यात काय येईल? चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या दिवशी फादर काय लिहितील? एवढे प्रश्न मांडले की कथेचा अर्धा सांगाडा उभा राहतो.

पण मी जास्त वेळ ॲनाच्या एका गोष्टीला देणार आहे, कारण तिच्यात नियम आधीपासून इतका स्वच्छ बसलेला आहे की नवख्या लेखकाला त्याच्यावर हात बसवता येईल. गोष्ट सोदेवाबाईची. ही राजकन्या गळ्यात हार घेऊनच जन्मते, आणि तिचा जीव त्या हारात असतो. एकदा तिचा बूट डोंगरावरून खाली पडतो, दुसऱ्या राज्यातल्या राजपुत्राला सापडतो, त्यावरून तो तिला शोधून काढतो आणि लग्न करतो. राजपुत्राची पहिली राणी तो हार चोरवते. दिवसा ती हार गळ्यात घालते तेव्हा सोदेवाबाई मरून पडते. रात्री झोपताना काढून ठेवते तेव्हा सोदेवाबाई जिवंत होते. शेवटी सोदेवाबाईचं तान्हं पोरच हार ओढून घेतं.

नियम असा: तिचं शरीर एका जागी, जीव दुसऱ्या जागी, आणि ज्याच्या हाती हार त्याच्या मर्जीवर तिचा दिवस. पोपटात प्राण असलेला राक्षस आपण लहानपणी ऐकलेला असतो, तसाच पोपटात प्राण असलेला जादूगार याच पुस्तकात दुसऱ्या गोष्टीत भेटतो. तिथे मात्र प्राण स्वतः लपवलेला असतो, इथे तो पळवला जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला हा फरक समजावावा लागत नाही. तिचे फोटो, तिचे निरोप, तिचा ठावठिकाणा कुठल्या तरी सर्व्हरवर आहेत आणि तिथली किल्ली तिच्याकडे नाही, हे ती रोज जगते.

आता यंत्र शोधा. हृदयाचे ठोके नियमित करणारा पेसमेकर दूरवरून तपासता येतो, तसा चुकीच्या हातांनाही त्याच्यापर्यंत पोचता येण्याची भीती असते. २०१७ साली अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांचं सॉफ्टवेअर सुधारावं लागलं. शस्त्रक्रिया नव्हती, रुग्णाने दवाखान्यात यायचं, तीनेक मिनिटं बसायचं. त्या मिनिटांत यंत्र राखीव गतीवर, मिनिटाला ६७ ठोक्यांवर चालत असे. जिचं हृदय पूर्णपणे यंत्रावर चालतं ती मुलगी धावत आली तरी ६७, घाबरली तरी ६७, प्रेमात पडली तरी ६७. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने असा तपशील हातचा सोडू नये. सोदेवाबाईच्या हाराचं उद्याचं रूप हेच: जन्मतः सदोष हृदय, आत बसवलेलं यंत्र, आणि ते चालवणारा नियंत्रक गळ्यात. तो दहा हातांपलीकडे गेला की हृदय राखीव गतीवर जातं. मेंदूला पुरेसं रक्त मिळत नाही, मुलगी निपचित पडते, पण मरत नाही. मूळ गोष्टीतलं दिवसाचं मरण आणि रात्रीचं जगणं जसंच्या तसं राहिलं आणि जादूचा टिपूस उरला नाही. खरं तर ६७ ठोक्यांवर निरोगी माणूस निपचित पडत नाही. म्हणून तुमच्या कथेत राखीव गती बरीच खाली आणा आणि ती का खाली आहे याचं एक वाक्य लिहा. एकच. त्याहून जास्त लिहिलंत तर ते पाठ्यपुस्तक होईल.

ही मुलगी डोंगरीत राहू द्या. साल २०७० धरा. तिच्या आजूबाजूला काय असेल? हे शोधायला आजची डोंगरी पायी फिरावी लागते. १६१३ सालचं अवर लेडी ऑफ बेथलेहेम चर्च, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची घरं, भाताची खाचरं, खाली उत्तनच्या किनाऱ्यावर दोऱ्यांवर वाळणारे बोंबील. दुसऱ्या बाजूला धावगी डोंगरावरचा शहराच्या कचऱ्याचा ढिगारा. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी डोंगरीच्या डोंगरावरची बारा हजारांहून जास्त झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा गावाने केलेला विरोध. यातलं प्रत्येक २०७० मध्ये कुठे असेल हे तुम्ही ठरवा. झाडं उभी आहेत की रूळ? ढिगाऱ्यातून जुन्या इलेक्ट्रॉनिक भागांचा शोध घेणारी मुलं आहेत का? नायिकेच्या हाराची बॅटरी तिथूनच मिळत असेल तर? मेयरने सिंडरला भंगारातून सुटे भाग शोधायला लावलं, कारण गरिबाचं तंत्रज्ञान नेहमी दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूंतून उभं राहतं. डोंगरीकराला हे कुणी शिकवायला नको.

या जागेची दुसरी देणगी म्हणजे समुद्राचं घड्याळ. सिंड्रेलाच्या गोष्टीत बाराचा ठोका का पडतो, हे परी सांगत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजे मध्यरात्रीची मुदत इथे चंद्रच घालतो. समुद्राची पातळी वाढलेल्या काळात भाईंदरकडे जाणारा राई-मुर्धेच्या खाडीलगतचा रस्ता उधाणात बुडतो असं धरा. पौर्णिमेच्या रात्री भाईंदरला गेलेली मुलगी बाराच्या आत निघाली नाही तर तिचं बेट तुटतं. ठोका कुणी वाजवायला नको, पाणीच येतं. मात्र हिशेब चोख ठेवा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गोष्टीतला कार्यक्रम पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी ठेवलात तर भरती पावणेदोनच्या आसपास गेली. पौर्णिमा लिहून संध्याकाळी सहाला पूर्ण भरती आणलीत, तर ज्याच्या घरी होडी आहे तो वाचक पुढचं एक अक्षर खरं मानणार नाही. तांडेलाच्या घरात भरतीची वेळ चुकून चालत नाही, तुमच्याही गोष्टीत चालू नये.

नायिका कोण आणि निर्णय कुणाचा, इथे जुन्या गोष्टीशी भांडावं लागतं आणि भांडावंच. सोदेवाबाईची सुटका तिच्या बाळामुळे होते. ती स्वतः रात्री जागी होते, रडते, सकाळी पुन्हा पडते. सोळा वर्षांच्या वाचकासाठी हे पुरेसं नाही. तिला रात्रीचे जे सहा-सात तास मिळतात त्यांत ती काय करते, ही तुमची खरी कथा. ती हाराचा संकेत समजून घ्यायला शिकू शकते. हार घालणारीशी बोलू शकते, आणि कदाचित तिला कळतं की त्या बाईचंही हृदय तसंच आहे आणि गावात नियंत्रक एकच आहे. मग खलनायिका खलनायिका राहत नाही. सवतमत्सराची जुनी गोष्ट टंचाईची गोष्ट होते: एक यंत्र, दोन जीव, ते कोणी वाटायचं? मला स्वतःला ही दिशा सगळ्यांत जिवंत वाटते, कारण हा प्रश्न दवाखान्यात, शिष्यवृत्तीत, पाण्याच्या टँकरपुढे आपल्या मुलांनी पाहिलेला आहे. पण सगळं उलटंपालटं करू नका. मूळ गोष्टीतला एक खांब शेवटपर्यंत जागेवर राहिला पाहिजे, नाही तर वाचकाला ओळखीचा आनंद मिळत नाही. सोदेवाबाईत तो खांब हार. बूट टाकला तरी चालेल, राजपुत्र टाकला तर मी आनंदाने वाचेन, हार टाकता येणार नाही.

मराठीत या वाटेवर पावलं आहेत. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे ‘वामन परत न आला’ या कादंबरीत त्यांनी यंत्रमानवाला पुराणातलं नाव दिलं, आणि ते नाव वाचतानाच मनात धोक्याची जाणीव होते, कारण वामनाने किती जागा मागितली आणि किती घेतली हे मराठी वाचकाला माहीत असतं. जुन्या कथेचा असा उपयोग शिकण्यासारखा आहे. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा वाचा. विज्ञान किती आणि माणूस किती, हे प्रमाण त्यांच्याकडे पाहून कळतं. किशोर वयासाठी परीकथेच्या वाटेने आलेली विज्ञानकथा मात्र मराठीत फारच थोडी आहे. ही जागा रिकामी आहे आणि ती एखाद्या बेटावरच्या मुलीने भरली तर मला फार आनंद होईल.

भाषेबद्दल थोडंसं. निवेदन तुम्हाला हवं तसं, शाळेतल्या मराठीतही चालेल. पण आजी बोलते तेव्हा ती डोंगरीच्या घरात जशी बोलते तशीच बोलू द्या. बोली फक्त म्हाताऱ्यांच्या आणि नोकरांच्या तोंडी घालू नका. २०७० मधली तंत्रज्ञ मुलगीही चिडली की घरच्या बोलीत बोलेल. लुगरं, फुगे, बॉटल मसाला, लग्नातलं उमराचं पानी हे सगळं भविष्यात टिकलेलं दाखवायचं असेल तर ते कामाला लावा, प्रदर्शनात मांडू नका. उमराचं पानी आणायला विहिरीवर जातात. २०७० मध्ये विहीर खारट झाली असेल तर त्या लग्नात पाणी कुठून आणतील? एवढ्या एका अडचणीतून भविष्य जितकं दिसतं तितकं उडत्या गाड्यांतून दिसत नाही.

हक्कांचं प्रकरण सोपं आहे पण माहीत हवं. पेरोच्या १६९७ च्या गोष्टी, ग्रिम बंधूंचा १८१२ पासूनचा संग्रह, मेरी फ्रिअरचं पुस्तक यांवर आता कुणाचा मालकी हक्क नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. चित्रपटांनी घातलेली भर मात्र वेगळी. हिमगौरीचे सात बुटके ग्रिमच्या गोष्टीत बिननावाचे आहेत, त्यांची परिचित नावं डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली आहेत, ती घेऊ नका. मेयरच्या सिंडरवरून शिका, तिची पात्रं उचलू नका. आणि गावातल्या कुणा आजीकडून गोष्ट ऐकून घेतली असेल तर आधी विचारा, लिहू का, तुमचं नाव घालू का. ती हो म्हणाली तर कथेच्या शेवटी तिचं नाव छापा, तिला नको असेल तर गावाचं नाव तरी छापा. डिपेन्हांना गोष्टी कुणी सांगितल्या हे आज किती वाचकांना माहीत आहे?

लांबी दीड ते तीन हजार शब्द ठेवा. पहिल्या दोनशे शब्दांत नियम दिसला पाहिजे, समजावलेला नव्हे, घडताना. सोदेवाबाईची सुरुवात हार काढून कपडे वाळत घालणाऱ्या मुलीपासून करता येईल, दोरीची लांबी हातांनी मोजत: सात हात, आठ हात, नववा आला की ती थांबते. एवढं झालं की वाचकाला सगळं कळलं. लिहून झाल्यावर आपल्याहून दोन-तीन वर्षांनी लहान मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचून दाखवा आणि मध्येच थांबून विचारा, हार घरी विसरला तर काय होईल? उत्तर बरोबर आलं तर नियम पोचला. नाही आलं तर त्या पानापाशी परत जा.

पाठवायची कुठे? ‘किशोर’ हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं, ‘वयम्’ आहे, विज्ञानकथांसाठी मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा आहे. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात त्यांचं कार्यालय आहे, तिथे त्या वर्षीचे नियम आणि शेवटची तारीख विचारून घ्या. मोठ्यांसाठी लिहिलंत तर ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे दिवाळी अंक अद्भुताची कथा आवर्जून छापतात. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरातली मोठी माणसं घरी असतात. आजीला आणि तांडेलाला विचारायचे प्रश्न त्या दोन महिन्यांत विचारून घ्या, कथा जुलैअखेर पूर्ण करा, आणि भरतीच्या वेळा पाठवण्याआधी घरातल्या होडीवाल्याकडून एकदा तपासून घ्या.